सातवा अर्ज

परदेशातल्या एका डोंगरावर मोठी दुर्बीण आहे. ती चालवणाऱ्या संघटनेचं सदस्यत्व आपल्या सरकारने घेतलं, म्हणून दर सहामाहीला आपल्या वाट्याला तिथल्या अकरा रात्री येत. त्या कोणाला द्यायच्या हे ठरवणाऱ्या समितीत ठाण्याचे खगोलशास्त्रज्ञ श्रीपाद दातार होते. अर्जांवर नाव नसे. माणूस बघून निकाल लागू नये म्हणून नावं काढा, असं सभेत टेबल आपटून सांगणारे पहिले श्रीपादच.

पण नाव काढलं म्हणून संशय थोडाच जातो! यंदाचा सातवा अर्ज उघडला, तर पहिल्याच पानावर काही ताऱ्यांच्या अंतराबद्दलच्या त्यांच्या वीस वर्षांपूर्वीच्या निष्कर्षावर शंका. हा त्या बंगळूरच्या गृहस्थाचाच उद्योग, असं त्यांनी ठरवूनच टाकलं. त्या गृहस्थाशी त्यांचं जुनं वाकडं होतं. तिसरं पान त्यांनी उघडलंसुद्धा नाही. 'अर्जदाराला या ताऱ्यांची प्राथमिक माहितीही नाही,' असा शेरा ठोकला आणि मजेत चहा प्यायले.

महिन्याभराने एका दुपारी करिश्मा घरी आली. कोपरच्या राघो म्हात्र्यांची मुलगी, श्रीपादांची जुनी विद्यार्थिनी.

"सर, माझा अर्ज उडाला. तुम्ही कमिटीवर, म्हणून आधी बोलले नाही. वशिला लावल्यासारखं झालं असतं ना."

तिने शेऱ्याचा कागद पुढे केला. आपलं वाक्य श्रीपादांनी लगेच ओळखलं.

"तिसऱ्या पानावर सगळं लिहिलेलं, सर. तुमचा निष्कर्ष बरोबरच असणार, तेव्हाची दुर्बीण लहान होती एवढंच. दोन रात्री मिळाल्या असत्या तर तुमचाच आकडा पक्का झाला असता. ज्याच्याकडे अर्ज गेला तो तिथपर्यंत पोचलाच नाही. तुमच्याकडे आला असता तर तुम्ही शेवटपर्यंत वाचला असता."

श्रीपादांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

"आमचे आबा विचारतात," ती कसंनुसं हसली. तिच्या या आजोबांचा जन्म मिठागरात गेलेला. "'सरकारनं वर्गणी भरलीय ना, मंग आपल्या वाट्याची रात आपल्या पोरीला कशी नाय?' मी त्यांना सांगून बसलेले, कमिटीत आमचे सर आहेत, अन्याय नाही होणार. जाऊ दे. प्राथमिक माहितीच नाही म्हणतात, तर कशाला ओढत बसू? एका कंपनीत नोकरी मिळतेय. सोमवारी हो म्हणून कळवते."

गप्प बसणं सोपं होतं. समितीतलं बाहेर बोलायचं नाही, हा नियमही हाताशी होता. नियमांचं प्रेम माणसाला नेमकं अशा वेळी दाटून येतं. पण पोरगी आकाश सोडून चालली होती, आणि तीही आपल्या एका वाक्यामुळे.

"करिश्मा, तो अर्ज माझ्याकडेच होता," श्रीपाद म्हणाले. "शेरा माझा आहे. तिसरं पान मी वाचलं नाही. मला वाटलं, दुसऱ्याच कुणाचा अर्ज आहे."

तिने शेऱ्याच्या कागदाची घडी घातली.

"दुसऱ्या कुणाचा असता तर चाललं असतं, सर?"

श्रीपाद खाली मान घालून म्हणाले, "समितीला आजच लिहितो. फेरविचार करा म्हणतो, मी त्यातून बाजूला राहतो. सोमवारी कळवू नकोस. कोपरला येऊन आबांनाही मीच सांगतो."

"समितीला लिहा. आबांना नको. ते तुम्हाला फार मानतात."

ती उठली. निघताना वाकून नमस्कार करायची तिची कॉलेजपासूनची सवय. आजही ती वाकली, तेव्हा श्रीपादांनी पाय खुर्चीखाली ओढून घेतले.