गळ्यापत्तोर रांजण

आमच्या मालकांची सतार म्हणजे घरात ठेवलेली सवतच. चौसाळ्याच्या देशमुखाकडं एक म्हातारे उस्ताद राहायचे. त्यांची गाडी हाकता हाकता हे सतार शिकले, आन् मरताना उस्तादांनी ती यांच्याच हवाली केली. लगीन होऊन मी पालीला आले तवा घरात दोन बैल, एक रांजण आन् ही बया. सुरवातीला लई भांडले मी. मंग सवय झाली, आन् सवयीचं येड कवा लागलं ते मलाबी कळलं न्हाई.

हे वाजवाया बसायचे रांजणाला पाठ टेकून. तिथं गार लागायचं, दुसरं काही कारण न्हाई. पण तार छेडली की रांजण आतनं हुंकार द्यायचा. आमची मुक्ता त्याच आवाजात वाढली. पाळण्यात असताना सतार थांबली की भोकाड पसरायची.

तिला दिली अंबाजोगाईला. सरकारी कागदात मोमीनाबाद लिहितात, लिहू द्या. घर चांगलं, जावई भगवानराव तर देवमाणूस. पण सासू अंथरुणाला खिळली आन् पोरीचं माहेरपण राहिलं ते राहिलंच. दोष तरी कुणाला द्यायचा? मी आपली भांड्यांवर राग काढायची. तिच्या सासऱ्यांना मात्र फोनूचा नाद. मोठ्या भोंग्याचा गाणी वाजवायचा फोनू घरात, आन् मिळंल ती तबकडी घ्यायचे. ही गोष्ट माझ्या डोक्यात पक्की बसलेली.

त्या साली बीडात एका वकिलाच्या माडीवर मुंबईचा पारशी गाणं भरायचं मशीन घेऊन आला. हैदराबादेहून एक बाई गायला आलती, तिच्या साथीला यांना बोलावणं आलं. मी भाकरी बांधून संगट गेलते. दोन गाणी झाली आन् बाईचा घसा बसला. मेणाच्या चकत्या तशाच उरल्या. तवा पारशी यांना म्हणला, बुवा, आता तुमीच एकटे वाजवा.

मी तिथंच ठरवून टाकलं. ही तबकडी मुक्ताच्या घरात वाजणार. पोरीला येता येत न्हाई, तर बापाची सतार तिच्याकडं जाईल. पण ती ऐकून तिला आपलं घर आठवलं पाहिजे. कुणाचीबी सतार ऐकून काय करायचंय तिला?

यांनी भोंग्यासमोर बसून वाजवलं. अंदाज घ्यायला पारशानं ते मेण परत लावून ऐकवलं. अगं बाई, पिंजारी कापूस पिंजतोय तसं टँव टँव! मी तोंडावर सांगितलं, ही यांची सतार न्हाई. मालक लाजेनं खाली बघाया लागले. पारशी मात्र चिडला न्हाई. काय कमी हाय, म्हणून त्यानं मलाच इचारलं.

"रांजण," मी म्हणलं.

तो हसला. मंग हसायचा थांबला आन् नीट सगळं इचारून घेतलं. त्याच्याकडं एकाच नळीला जोडलेले दोन भोंगे होते, एक गाणाऱ्याच्या तोंडाला लावायचा, एक पेटीला. दोन्हीकडचा आवाज एकाच मेणात उतरायचा. उद्या रांजण घेऊन या, म्हणला.

शेजारच्या उत्तरेश्वरनं गाडी जुंपली खरी, पण बीड येईपत्तोर त्याची टकळी चालू. सतार वाजवाया रांजण लागतो, उद्या ढोलकी वाजवाया उखळ लागंल, म्हणला. मी कडब्यात बसून रांजण मिठीत धरला होता, न्हाईतर दिलं असतं उत्तर.

वकिलाच्या आडाचं पाणी घालून रांजण घरच्यासारखा अर्धा केला. हे टेकून बसले. एक भोंगा सतारीपाशी, दुसरा रांजणाच्या तोंडाशी. पहिल्यांदा नुसतंच घुमलं, डेऱ्यात भुंगा कोंडल्यावानी. पारशानं रांजणाचा भोंगा मागं घेतला, तर पुन्हा पिंजारी आला. मंग जरा पुढं, जरा तिरपा. असं करता करता एका जागी दोन्ही आवाज एकमेकांत मिसळले. पारशी खूश झाला. मालकांनीबी मान डोलवली.

मला मात्र खटकत होतं. मी म्हणलं, अजून चुकतंय. यांचा पारा चढला, आता कावून, कशापायी, म्हणून खेकसले. कावून ते मलाच कळंना. पारशी म्हणला, बाई, आता एकच मेण राहिलं, काय ते लवकर सांगा.

घसा कोरडा पडला म्हणून मी रांजणात तांब्या घातला. हात कोपरापत्तोर आत गेला तवा कुठं पाणी लागलं. आन् मी तशीच उभी राहिले.

मुक्ता घरात असताना आमचा रांजण अर्धा कवाच नसायचा. पोरगी सकाळ-संध्याकाळ नदीला जायची आन् गळ्यापत्तोर भरून ठेवायची. तांब्या वरच्यावर बुडायचा. ती सासरी गेली, माझी कंबर धरायला लागली, तवापासून आमी दोघं अर्ध्यावर भागवतो. हा अर्ध्या रांजणाचा आवाज आमचा दोघांचा. मुक्तानं तो कवा ऐकलाच न्हाई!

मी घागर उचलली आन् आडावर गेले. माडीच्या पायऱ्या चढताना जीव निघाला. घागर ओतून मी परत निघाले तवा हे माझ्याकडं बघत होते. सतार खाली ठेवली, माझ्या हातातली घागर घेतली आन् स्वतः पाणी आणाया लागले. जल्मात कवा पाणी न भरलेला माणूस! वकिलाची सगळी माडी ओली केली.

रांजण गळ्यापत्तोर आला. यांनी डोळे मिटून तार छेडली आन् रांजणाचा आवाज वर चढून तारेला येऊन भेटला. मला रडू आलं. मशीन आवाज धरतं म्हणून तोंडात पदर कोंबून रडले.

तबकडी करायला लांब धाडतात म्हणे. आमी तर आशा सोडलती. संक्रांतीला भगवानराव तिळगूळ घेऊन आले. सासऱ्यांनी तबकडी आणून लावली तवा मुक्ता भाकरी थापत होती, म्हणले. पिठाच्या हातानं बाहेर आली आन् शेवटपत्तोर उंबऱ्यात उभी राहिली.

"मामी, तिनं एक निरोप दिलाय, मला तर काही उमगला न्हाई," भगवानराव म्हणले. "आईला सांगा, रांजण गळ्यापत्तोर भरत जाऊ नको, कंबर जाईल."

मालकांच्या हातातला तिळगूळ हातातच राहिला. मी हसू का रडू मला कळंना.

"तिला म्हणावं, एवढी काळजी असंल तर ये आन् तूच भर."

भगवानराव हसले. आमच्या आईला आता बरं हाय, पंचमीला धाडतो म्हणले. तोंडदेखलं बोलणारा माणूस न्हाई तो. पंचमीला पोरगी आली. मी भाकरतुकडा ओवाळायला घेऊन दारात उभी, बाप मागं उभा. पाया पडली आन् सरळ रांजणाकडं गेली. आत हात घातला, कोपरापत्तोर गेला. माझ्याकडं रागानं बघितलं, पदर खोचला आन् घागर घेऊन नदीला निघाली. मालक आत जाऊन सतार काढाया लागले.