डाव्या घळीतल्या तीन शिट्ट्या

“झाडांत शिरलात की एकमेकांना सोडायचं नाही. एक शिट्टी म्हणजे मी इथं आहे. तीन म्हणजे असशील तिथं थांब आणि मागं फिर. मग बर्फ कितीही चांगला असो.”

सिग्नेचे वडील एइनार आमॉट हे सांगायचे तेव्हा त्यांचा आवाज कधी चढायचा नाही. त्यांना जाऊन सहा हिवाळे झाले होते, तरी लिफ्टची खुर्ची देवदारांच्या शेंड्यांवरून जाऊ लागली की सिग्नेच्या कानात तो आवाज हटकून यायचा. शनिवारी सकाळीही आला. तिनं कॉलरला बांधलेली शिट्टी चाचपली आणि शेजारी बसलेल्या धाकट्या भावाच्या कॉलरकडे बघितलं. लेफची शिट्टी जागेवर होती.

“तपासणी झाली का, बाईसाहेब?” लेफ हसला. “मी आता गस्तीवाला होणार आहे. माझी शिट्टी तू काय बघतेस?”

“झालास की बघणं सोडेन.”

तीन हिवाळे लेफ गस्तीपथकाच्या लाल जाकिटासाठी झटत होता. दर शनिवार-रविवार फुकट राबायचा, जखमींना बर्फावरच्या घसरगाडीवर बांधायला शिकायचा, दोर गुंडाळायचा. हॉबर्ट डोंगर काही मोठा नव्हे. दोन लिफ्टा, एक लाकडी उपाहारगृह, आणि सगळे एकमेकांना नावानं ओळखणारे. तिथं गस्तीपथकात जागा सुटायची ती कुणी म्हातारा झाला की. यंदा एक सुटली होती आणि पथकाचे प्रमुख ओडेल मार्चअखेर नाव सांगणार होते.

रात्रीत चौदा इंच बर्फ पडला होता, अजून पडतच होता. कोरडा, हलका, फुंकर मारली तर उडेल असा. मोंटानात असा बर्फ वर्षातून चार-पाचदाच पडतो, आणि त्या दिवशी दुकानं उशिरा उघडतात, दातांचे डॉक्टर आजारी पडतात, चर्चमधली बैठक पुढं ढकलली जाते. खालच्या लिफ्टच्या खोपटावर कुणीतरी कधीकाळी रंगवून ठेवलं होतं, ‘ताज्या बर्फाच्या दिवशी कुणी कुणाचं नसतं.’ सगळे ते वाचून हसायचे, आणि सगळे तसंच वागायचे.

वर पोचल्यावर दोघं उजवीकडच्या मोकळ्या उताराकडे गेलेच नाहीत. तिथं आधीच वीस-एक जणांनी रेघोट्या मारल्या होत्या. डावीकडे, ओढ्याच्या घळीच्या वर, दाट झाडी होती. तिथं अजून कुणाची स्की लागली नव्हती.

“तू पुढं,” लेफ म्हणाला. “मी तुझ्या डाव्या अंगानं येतो. शिट्टीच्या टप्प्यात.”

पहिल्या वळणाला बर्फ गुडघ्यापर्यंत आला, दुसऱ्याला मांडीला लागला. पायाखाली जमीन उरलीच नव्हती. सिग्ने अडतीस वर्षांची होती. आठवडाभर शाळेच्या स्वयंपाकघरात अडीचशे पोरांचं जेवण रांधायची, आणि मनगटं दुखायची. त्या घटकेला तिला मनगट नव्हतं, वय नव्हतं. लेफनं एकदा शिट्टी वाजवली, तिनं एकदा वाजवली. पुन्हा एकदा, पुन्हा एकदा. मग उतार तीव्र झाला आणि तिला वेग आला.

तेव्हाच डावीकडून आवाज आला. एक. दोन. तीन.

बारीक होता, बर्फानं दाबलेला. पण मोजता येत होता, आणि तिनं मोजला. पुढं झाडांमधून एक पांढरी, अस्पर्श गल्ली खाली गेली होती. आणखी दोन वळणं, मग थांबू, असं तिच्या मनात आलं. उत्साहात वाजवली असेल. दोन वळणांची चार झाली, चारांची दहा. ती थांबली तेव्हा लिफ्टच्या पायथ्याशी होती.

ती उभी राहिली. एक मिनिट. दोन. झाडांतून कुणी आलं नाही. तिनं शिट्टी वाजवली. उत्तर नाही.

“मर्ना, लेफ आला का गं इथं?”

मर्ना पंधरा वर्षं खालची लिफ्ट चालवत होती. हातातलं फावडं तिनं खोपटाच्या भिंतीवरच्या अक्षरांकडे रोखलं. “वाचता येतं ना? तो दुसऱ्या लिफ्टला गेला असेल. नाहीतर पहिली बियर उघडून बसला असेल.”

“सकाळचे साडेनऊ वाजलेत.”

“मग दुसरी.”

रांगेतले दोघं-तिघं हसले. एक जण म्हणाला, “बहिणीला चुकवायची हीच तर संधी!”

“मर्ना.” सिग्नेचा आवाज इतका खाली गेला की मर्नाला पुढं वाकावं लागलं. “वर फोन लाव. ओडेलला सांग, लेफ झाडांत राहिलाय.”

मर्नाचं हसू उतरलं. तिनं फोन उचलला.

वर जायला नऊ मिनिटं लागतात. सिग्ने एकटीच खुर्चीवर बसली होती. त्या डोंगरावर वाढलेल्या पोरासोरांनाही ठाऊक असतं, की देवदाराच्या खालच्या फांद्या बर्फ अडवतात आणि बुंध्याभोवती खोल पोकळी राहते. वरून ती दिसत नाही. तिथले लोक तिला विहीर म्हणतात. माणूस तिच्यात जातो तो डोकं खाली करून, आणि मग जितकी धडपड करावी तितका वरचा बर्फ अंगावर येतो. वीस मिनिटं टिकला तरी फार. सिग्ने रोज सकाळी न चुकता प्रार्थना करणारी बाई, पण आत्ता पहिल्या ओळीपुढं तिला एक शब्द आठवेना. ती नुसती मिनिटं मोजत होती. तीन खाली उभं राहण्यात गेली. दोन हसण्यात गेली.

वर ओडेल दोन फावडी घेऊन तयार उभे होते. साठी उलटलेली, दाढीत बर्फ.

“शेवटचा कुठं दिसला?”

“झाडीच्या तोंडाशी. माझ्या डावीकडे होता.”

“शिट्टी ऐकलीस?”

प्रश्न सरळ होता. दोन गस्तीवाले मागं उभे होते, आणि त्या सगळ्यांनी एइनारकडूनच शिट्टीचा नियम शिकला होता. एइनारच्या मुलीच्या तोंडून शब्द निघाला तो असा.

“नाही.”

“तीनदा? लांबून? काहीच नाही?”

“नाही ऐकली.”

“मग वरपासून माग काढत जाऊ,” ओडेल म्हणाले. “बर्फ पडतोय, माग बुजत चाललेत. सावकाश जावं लागेल.”

सावकाश!  आवाज कुठून आला होता ते सिग्नेला नेमकं ठाऊक होतं. अर्ध्या उतारावर, घळीच्या कडेला. “मी थेट घळीकडे जाते,” ती म्हणाली. “मला वाटतंय तिकडेच असेल.”

“वाटतंय कशावरून?”

त्यांच्या हातातलं एक फावडं घेऊन ती निघालीसुद्धा.

घळीच्या कडेला तिनं स्की काढल्या आणि कमरेइतक्या बर्फातून रेटत निघाली. पहिलं झाड, काही नाही. दुसरं. तिसऱ्याच्या बुंध्याशी फांद्या हलल्यासारख्या वाटल्या, पण तो वारा होता. “लेफ!” बर्फ आवाज गिळून टाकत होता. चौथ्या झाडाशी, फांदीच्या टोकाखाली, हिरवं काहीतरी बोटभर वर आलेलं दिसलं. स्कीचं टोक.

वरून खणायचं नाही, वरचा बर्फ तोंडावर जातो. बाजूनं, खालच्या अंगानं शिरायचं. तिचे हात ते आपोआप करत होते. फावडं मारायचं, ओढायचं, पुन्हा मारायचं. आधी गुडघा लागला, मग जाकीट. तिनं फावडं टाकलं आणि हातांनी उकरायला लागली. लेफनं पडता पडता एक हात तोंडापुढं धरला होता. हाताआड मूठभर पोकळी राहिली होती, आणि तिच्या आतल्या बाजूला त्याच्याच श्वासाचा बर्फ जमून काचेसारखा झाला होता.

तिनं तो बोटांनी फोडला. चेहरा निळसर होता. ओठांत शिट्टी अडकलेली होती. तिनं ती ओढून काढली.

काही झालं नाही.

“लेफ. अरे ए. ऊठ ना रे.”

मग तो खोकला. आधी बारीक, मग घसा फाडून. ओडेल धापा टाकत पोचले तेव्हा ती त्याचं डोकं मांडीवर घेऊन त्याच्या कानातला बर्फ काढत बसली होती.

संध्याकाळी इस्पितळात लेफच्या छातीवर तारा चिकटवलेल्या होत्या. फुप्फुसांना सूज होती, एक बरगडी दुखावली होती. डॉक्टरीण म्हणाली, सोमवारी घरी सोडू. त्यांच्या आईनं मुलाच्या गालावर हात फिरवला, मुलीचे सोललेले हात दोन्ही तळव्यांत धरले, आणि “तू होतीस म्हणून,” एवढंच म्हणून कॉफी आणायला गेली.

खोलीत दोघंच उरली.

“ओडेल येऊन गेला,” लेफ म्हणाला. घसा बसला होता त्याचा. “कागद भरून घेतला. यंदा जाकीट नाही.”

“का?”

“झाडांत शिट्टी वाजवली नाही म्हणून. जो स्वतःसाठी वाजवत नाही, तो दुसऱ्याला काय शिकवणार, म्हणाला. खरंच आहे त्याचं.” तो छताकडे बघत होता. “उद्या सकाळी लिफ्टच्या रांगेपुढं वाचणारेय. दर अपघाताचं वाचतो तसं. म्हणजे पुढचा तरी शिकेल.”

सिग्नेनं सोललेले हात मांडीखाली सरकवले.

“सिग, गंमत सांगू? मला वाटत होतं मी वाजवली. स्की अडकली, मी फांदीला लोंबकळत होतो, तेव्हा तीनदा वाजवली असं अगदी स्पष्ट आठवतंय. पण तू तर जवळच होतीस. तुला ऐकू नाही आली म्हणजे मला भासच झाला असणार. श्वास कोंडला की असं होतं म्हणतात.” तो ओशाळल्यासारखा हसला. “डोक्याचं काही खरं नाही राहिलं.”

बाहेर कुणीतरी ढकलगाडी नेत होतं. तिची चाकं दूर गेली. गप्प राहणं किती सोपं होतं! त्यानं स्वतःच तिच्यासाठी वाट करून दिली होती.

“भास नव्हता,” ती म्हणाली. “तीनदा वाजवलीस. मी ऐकली.”

लेफनं मान वळवली. “मग?”

“मोजलीसुद्धा.”

“मग थांबली का नाहीस?”

“बर्फ चांगला होता.”

यापेक्षा बरं उत्तर तिनं दिवसभर शोधलं होतं. सापडलं नव्हतं. लेफनं तोंड भिंतीकडे केलं. यंत्रावरची रेघ चढत उतरत राहिली. त्यानं विचारलं, “ओडेलला सांगितलंस?”

“त्याला नाही म्हणाले. खोटं बोलले.”

“सगळे तुला डोक्यावर घेऊन नाचतायत, ठाऊकाय? मर्ना तुझ्या नावाचा केक करतेय.”

“ठाऊकाय.”

“सांगशील?”

“उद्या सकाळी. त्यानं वाचायच्या आधी. शब्द देते.”

“आईला मात्र आत्ता नको सांगू,” लेफ भिंतीकडेच बघत म्हणाला. “माझी बरगडी आधीच दुखतेय. ती आरडाओरडा करेल.” त्यात थट्टा किती आणि राग किती ते तिला कळलं नाही. तिनं विचारलं नाही.

रविवारी उजाडेपर्यंत आणखी अकरा इंच बर्फ पडला होता. आकाश मोकळं, निळंभोर. लिफ्ट सुरू व्हायला वीस मिनिटं होती आणि रांग वाहनतळापर्यंत गेली होती. सिग्ने स्की न घेता आली होती. रांगेच्या कडेनं ती चालू लागली तशी कुणी तिच्या पाठीवर थाप मारली, कुणी हातमोजा काढून हात मिळवला.

“बहीण असावी तर अशी!”

“ये गं, पुढं ये, आज पहिली खुर्ची तुझी!”

“भावाला म्हणावं, शिट्टी गळ्यात शोभेला नसते बांधायची!”

शेवटचं वाक्य कुण्या तरुणाचं होतं. आजूबाजूचे हसले. सिग्ने क्षणभर थबकली, त्याच्याकडे बघितलं. चांगला हसरा मुलगा होता, त्याचं काही चुकलं नव्हतं.

पुढं, रांग अडवणाऱ्या साखळीच्या पलीकडे, ओडेल गस्तीच्या खोलीतून बाहेर येत होते. त्यांच्या हातात घडी घातलेला कागद होता. त्यांनी चष्मा लावला, कागद उघडला, आणि रांगेतली कुजबुज शांत होऊ लागली.

सिग्नेनं मान खाली घालून साखळीखालून अंग काढलं आणि सगळ्यांच्या देखत, ताज्या बर्फात पोटऱ्यांपर्यंत पाय रुतवत, त्यांच्या दिशेनं चालू लागली.