मागून येणारा आवाज

आमच्या ह्यांना बढती हवी आहे आणि ह्यांच्या साहेबांना फाडफाड इंग्रजी बोलणारा माणूस हवा आहे. म्हणून हे रोज सकाळी कपड्यांच्या कपाटात तोंड खुपसून मोबाइलवर स्वतःचं बोलणं रेकॉर्ड करतात. कपाटात आवाज घुमत नाही म्हणे! मग तेच ऐकायचं, चुका शोधायच्या आणि पुन्हा बोलायचं. आता ह्यांच्या शर्टांनासुद्धा माझ्यापेक्षा बरं इंग्रजी येत असेल.

काल विषय होता 'माझं कुटुंब'. मी न्हाणीघरात, डोक्याला साबण. तिथूनच घसा फोडून ओरडत होते, "अहो, दूध उतू जाईल, गॅस बंद करा!" कपाट जागचं हललं नाही. दूध गेलं.

ओटा पुसून ओल्या केसांनी खोलीत आले, तर हे कपाळाला आठ्या घालून रेकॉर्डिंग ऐकत बसलेले. त्यात ह्यांचा आवाज: "आय ऑलवेज हेल्प माय वाइफ. आय लिसन टू हर व्हेरी केअरफुली." आणि मागे माझा: "अहो, दूध!"

"सगळं वाया गेलं," हे वैतागून म्हणाले. "मागे कुणीतरी सारखं ओरडतंय. आता पुन्हा बोलावं लागणार."

मी म्हटलं, "इंग्रजी झकास जमलंय. कुठ्ठे अडखळला नाहीत. आता तेच मराठीत बोला, माझ्याकडे बघून."

ह्यांनी घसा खाकरला. "मी नेहमी..." एवढं म्हणाले, आणि पुन्हा कपाटात शिरले.