मेस्रोप वारपेतचे दोन पेपर

अमेरिकेतल्या ग्लेंडेलच्या एका आर्मेनियन बेकरीमागच्या हॉलमध्ये शनिवारी पाय ठेवायला जागा नव्हती. डेंटल कॉलेजच्या प्रवेशपरीक्षेची तयारी करणारी एकवीस मुलं-मुली टेबलांशी बसलेली, आया भिंतीला टेकलेल्या, बाप दाराशी घोळका करून उभे. आज्या मात्र पहिल्या रांगेत, कारण त्यांना मागे बसा म्हणायची कुणाची छाती नव्हती. सगळ्यांचे डोळे पांढऱ्या सदऱ्यातल्या एका माणसाकडे लागले होते. त्याच्या हातात डाळिंबाची डहाळी होती. हा मेस्रोप वारपेत. वारपेत म्हणजे आर्मेनियन भाषेत उस्ताद. ही पदवी त्याला दिली कुणी, हे कुणी विचारलं नव्हतं.

"तोंडात दात किती?" वारपेत ओरडला.

"बत्तीस!" हॉल गरजला.

"आणि बत्तीस म्हणजे? दोन गुणिले दोन गुणिले दोन गुणिले दोन गुणिले दोन! देवानं तुमच्या तोंडात गणित पेरलंय, जान! कॉलेजवाले जीवशास्त्र विचारतात, रसायन विचारतात, ती सगळी वरवरची धूळफेक. ते फक्त गणिताचा आकडा बघतात आणि बाकीचा कागद दुमडून ठेवतात!"

"माझ्या तोंडात अकराच उरलेत," पहिल्या रांगेतली अराक्सी आजी म्हणाली. "माझं गणित कुठं गेलं रे?"

"वजाबाकीत गेलं, आजी!"

लोक पोट धरून हसले. आजीही हसली. वारपेतच्या उजव्या हाताला, मखमली खुर्चीवर, वार्दगेस मास्तर बसले होते. ते एरवीही हसत नसत.

चमत्कार दर शनिवारी एकच असायचा. मुलं रात्रीपासून उपाशी यायची. शुद्धी हवी म्हणून. सकाळी तासभर लांबलचक उतारे वाचायचे, मग गणिताचा पेपर. निकाल फळ्यावर लागायचा तेव्हा आयांच्या डोळ्यांत पाणी यायचं: तीसपैकी चौदा, तेरा, पंधरा. मग वारपेत सगळे पेपर गोळा करून अंगणातल्या शेगडीत टाकायचा. "जळाल्या चुका!" असं म्हणायचा. मुलांच्या डोक्यावरून डहाळी फिरायची, सगळ्यांना गरमागरम हरिसा, म्हणजे गव्हाची नि कोंबडीची घट्ट खिचडी, वाढला जायचा, आणि दुपारी दुसरा पेपर व्हायचा. तेराचे एकोणीस, चौदाचे वीस. बाया रडायच्या, बाप एकमेकांना मिठ्या मारायचे. भिंतीवर फोटोंची रांग वाढत चालली होती. खऱ्या परीक्षेत ज्यांचा गणिताचा आकडा वाढला नाही त्यांचे फोटो अर्थातच तिथं नव्हते.

दोन्ही पेपर काढायचे वार्दगेस मास्तर.

आर्मेनियातल्या ग्युमरीच्या शाळेत त्यांनी एकतीस वर्षं गणित शिकवलं होतं. इथं मुलाकडे आल्यापासून ते एका सुपरमार्केटच्या आवारात गिऱ्हाइकांनी सोडलेल्या ढकलगाड्या गोळा करत. त्यांना कुणी नावानं हाक मारत नसे. "ए, तिकडची एक राहिली" एवढंच. वारपेतनं त्यांना शोधून काढलं, खुर्चीवर बसवलं आणि शंभर माणसांसमोर म्हटलं, "हे आमचे प्रोफेसर." त्या एका शब्दानं मास्तर विरघळले. "दुसरा पेपर जरा हलका काढा," वारपेत पहिल्याच दिवशी म्हणाला होता. "मुलांना धीर येतो." मास्तरांना ते पटलं. पहिल्या पेपरात नळ पावणेसात तासांत टाकी भरायचा, दुसऱ्यात सहा तासांत. पहिल्यात व्याज साडेसात टक्के, दुसऱ्यात दहा. दुसऱ्या शनिवारी पुन्हा सकाळचेच पेपर शेगडीत जाताना पाहिले आणि त्यांच्या लक्षात सगळं आलं. त्यांनी तोंड मिटून घेतलं. त्या गोष्टीला आता सात महिने झाले होते.

त्या सात महिन्यांत शुशानची दुसरी परीक्षा होऊन गेली होती. शुशान ही सातेनिकची मुलगी. सातेनिक ग्युमरीत स्वतः दातांची डॉक्टर होती. इथं तिची पदवी चालत नव्हती, म्हणून दुसऱ्याच्या दवाखान्यात ती अवजारं उकळायची. पहिल्या खेपेला शुशानला गणितात सोळा, जीवशास्त्रात आणि रसायनात अठरा-अठरा पडले. मग वारपेत भेटला. तिनं दिवसरात्र नुसती गणितंच सोडवली. दुसऱ्या खेपेला गणित बावीस झालं, जीवशास्त्र चौदा, रसायनही चौदा. एकूण सरासरी होती त्याच्याही खाली आली आणि एकाही कॉलेजनं मुलाखतीला बोलावलं नाही. भिंतीवर तिचा फोटो मात्र लागला. खाली मोठा आकडा: बावीस.

आता तिसरी खेप. त्यानंतर परत बसायचं तर खास परवानगी मागावी लागते, आणि ती मिळेलच असं नाही.

बुधवारी सातेनिक सुपरमार्केटच्या दाराशी मास्तरांना भेटली होती. "जीवशास्त्राची पुस्तकं देऊन टाकली मास्तर," ती आनंदानं म्हणाली. "वारपेत म्हणाले, आता मन एकाच जागी ठेवायचं. तुम्हीही तिथं असता, म्हणून आम्हाला भरवसा आहे. शिकलासवरला माणूस खोट्याच्या शेजारी बसेल का?"

मास्तरांनी हातातली ढकलगाडी भलत्याच रांगेत नेऊन लावली.

म्हणून आज हॉलमध्ये शिरताना त्यांनी दोन पाकिटांतले गठ्ठे बदलले होते. सकाळच्या पाकिटात हलका पेपर, दुपारच्या पाकिटात अवघड.

सकाळचा निकाल फळ्यावर लागला. वीस, एकोणीस, एकवीस, वीस. वारपेतची डहाळी थबकली, पण तो कसलेला गडी होता. "बघा! माझ्या पायगुणानंच झालं! अजून तर आशीर्वाद बाकी आहे!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. आज पेपर काही शेगडीत गेले नाहीत. एवढ्या चांगल्या मार्कांना चुका म्हणून जाळणार कसं? ते टेबलावरच राहिले. डहाळी फिरली, हरिसा वाढला गेला, दुपारचा पेपर झाला.

चौदा, तेरा, पंधरा. शुशानला तेरा.

शुशान फळ्यावर आकडा लिहिणाऱ्या हाताकडे बघत राहिली आणि मग तिनं तोंड ओंजळीत लपवलं. हुंदके बाहेर येत होतेच. मास्तरांनी हा क्षण तीन दिवस डोळ्यांसमोर आणला होता, पण त्यात फक्त वारपेतचा चेहरा पडलेला होता. त्यात या पोरीचं रडणं नव्हतं. पुन्हा एकदा आपण हिलाच वापरलं, हे त्यांना कळलं आणि त्यांना स्वतःची शिसारी आली.

"कुणीतरी अविश्वासू आलंय!" वारपेत गरजला. "इथं नजर लागलीय! कोण आहे तो?"

"मी आहे," वार्दगेस मास्तर उठले. "पण नजर लागली नाही. मी गठ्ठे बदलले."

त्यांनी दोन्ही पेपर हातात धरून नळाचं उदाहरण आधी एकातलं वाचलं, मग दुसऱ्यातलं. दारातल्या एका बापानं पेपर ओढून घेतले, आणि ते हातोहात फिरू लागले.

"दर शनिवारी सकाळी अवघड आणि दुपारी सोपा," मास्तर म्हणाले. "सकाळी पोरं उपाशी, वाचून वाचून थकलेली. पण त्याचाही फारसा हात नाही. आज उपाशीपोटी सोपा जमला आणि भरल्या पोटी अवघड नाही जमला. फरक आशीर्वादाचा नाही, पेपरचा आहे. तो तुम्हाला दिसू नये म्हणून शेगडी."

"म्हातारा चळला!" वारपेत ओरडला.

"चळला असेल," अराक्सी आजी म्हणाली. "पण पेपर काही चळलेले नाहीत. मला चष्मा द्या कुणीतरी."

वारपेतनं डहाळी टेबलावर टाकली आणि तो मागच्या दारानं बेकरीत शिरला. त्याला अडवायचं कुणाला सुचलं नाही. सगळे मास्तरांकडे बघत होते, आणि त्या नजरा सोसणं मास्तरांना जड जात होतं.

सातेनिक पुढे आली. "तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"दुसऱ्या शनिवारपासून."

"म्हणजे शुशानच्या मागच्या परीक्षेच्या आधीपासून."

"हो."

तिनं मारलं असतं तर मास्तरांना बरं वाटलं असतं.

शुशाननं डोळे पुसले. "मास्तर, मग गणिताला किती किंमत आहे? खरं सांगा."

"पाच विषयांची सरासरी काढतात. त्यातला एक गणित. पाचातला एक भाग, जास्त नाही, कमी नाही. शिवाय कॉलेजातले मार्क बघतात, बोटांना आणि डोळ्यांना आकार कळतो का ते बघतात, माणूस बघतात. बावीसवरून तू चोवीसवर गेलीस तर सरासरीत अर्धा गुणही वाढत नाही. जीवशास्त्र आणि रसायन चौदावरून अठरावर नेलीस तर दीड गुणाहून जास्त वाढ होते. हे मी तुला सात महिन्यांपूर्वीच सांगायला हवं होतं. एका कागदावर दोन मिनिटांत मांडता आलं असतं."

"मग का नाही सांगितलंत?"

काय सांगणार? की मला कुणीतरी प्रोफेसर म्हणत होतं? मास्तरांनी ते सांगितलं. तेवढंच सांगितलं, सगळ्यांसमोर.

मग ते लोकांकडे वळले. "माझ्यावर विश्वास ठेवू नका. मला तो मागायचा अधिकार उरलेला नाही. पण जो तुम्हाला सकाळचा पेपर बघू देत नाही, त्याच्या दुपारच्या मार्कांना टाळ्या वाजवू नका. कागद मागा. ज्यांना जमलं नाही त्यांची नावं विचारा. आणि माझ्यासारखा कुणी शिकलेला माणूस शेजारी बसलेला दिसला, तर आधी त्यालाच उभं करून विचारा. मला सात महिन्यांत एकानंही विचारलं नाही, आणि विचारलं नाही म्हणून मी बसून राहिलो."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. शुशाननं आईच्या हाताला धरलं. "चल," ती म्हणाली, "दिलेली पुस्तकं परत मागून आणू. सहा आठवडे आहेत अजून."