रुमालाचा वास

ठोकेबाबाच्या हॉलमध्ये मुंगी शिरायलाही जागा नव्हती. खिडक्या बंद, पंखे बंद. बाबा आजाऱ्याच्या बोटाला ठोके मोजणारा चिमटा लावायचा, तोंडावर रुमाल धरायचा आणि काळजाच्या ठोक्यांचा आकडा मोठ्या पडद्यावर सर्रकन उतरायचा.

"काळीज म्हणजे बिथरलेलं घोडं!" बाबा गरजला. "डॉक्टर चाबूक मारतात, मी कानात सांगतो!"

गर्दीतून एक माणूस बायकोला धरून पुढे सरकला. इस्पितळात भुलीच्या डॉक्टरांच्या हाताखाली त्याची चौदा वर्षं गेली होती, तरी तो आला होता. बायकोचं काळीज बसल्या जागी धावायचं, जिना चढली की ओठ निळे पडायचे. बाबाच्या सांगण्यावरून तिने डॉक्टरांच्या गोळ्याही सोडल्या होत्या. बुडत्याला काडीचा आधार, म्हणून तो गप्प राहिला होता.

पडद्यावर एकशे अडतीस. रुमाल तोंडावर गेला. एकशे दहा. नव्वद. तिचे डोळे मिटले. सत्तर! लोकांनी हात जोडले. त्याला भरून आलं. तिचा हात धरायला तो वाकला आणि एक गोडसर वास नाकात शिरला. रोज सकाळी यंत्रात भुलीचं औषध भरताना हाच वास यायचा.

पन्नास. टाळ्या पडत होत्या. बेचाळीस.

"रुमाल काढा! मरेल ती!" तो ओरडला.

"श्रद्धा डळमळली की..." बाबाने सुरू केलं. त्याने बाबाला ढकललं, रुमाल भिरकावला.

"खिडक्या उघडा! अँब्युलन्स बोलवा!" त्याने तिची हनुवटी वर उचलून धरली. "श्वास घे गं. माझं चुकलं. घे ना!"

अडतीस. कुणीतरी काच फोडली. वारा आत आला. ती खोकली. आकडा रखडत चढू लागला. एकशे वीसवर तो हमसून हमसून रडला.

"पण ठोके कमी झाले होते ना?" एका म्हातारीने विचारलं.

"झाले होते, आजी. हृदयात ठेका धरणाऱ्या पेशी असतात, रुमालातल्या भुलीच्या औषधाची वाफ त्यांना सुस्त करते. ऑपरेशनला डॉक्टर ती मोजून देतात, डोळ्यात तेल घालून बसतात. इथे कोण मोजत होतं?"

म्हातारीनेच बाबाच्या आसनाखाली हात घातला. त्याच गोडसर वासाची बाटली निघाली. बाबा मागच्या दाराने पसार झाला होता.

अँब्युलन्स आली. बायकोचं स्ट्रेचर उचलताना तो गर्दीकडे वळला. "मी इस्पितळात चौदा वर्षं काढली, तरी आलो. जीव टांगणीला लागला की डोकं चालत नाही. म्हणून एकट्याने ठरवू नका. कुणी गोळ्या बंद करा म्हटलं, तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि रुमालात काय आहे, ते तोंडावर धरण्याआधी विचारा."