पिंपातले इंजिन

मित्रांनो, होडीच्या मागच्या फळीला अडकवतात ना, तसले मी एक जुने, लहानसे इंजिन आहे. माझा निळा रंग जागोजागी उडालेला आहे. ज्या सकाळची ही गोष्ट आहे, त्या सकाळी मी पाण्याने भरलेल्या पिंपात बुडून उभे होते आणि मला विकत घ्यायचे की भंगारात घालायचे यावर अंगणात वाद चालला होता.

मी पिंपात कसे आले ते आधी सांगते.

कारखान्यात माझ्यासारखी पुष्कळ भावंडे होती. तिथे मला कोणी वेगळे ओळखत नव्हते. ओळख मिळाली ती खाडीकाठच्या एका नवरा-बायकोमुळे. तो जाळे टाकायचा, ती मला चालवायची. पेट्रोलमध्ये तेल मिसळायचे काम तिचेच. नवऱ्याला ती डब्याला हात लावू देत नसे. ‘तुमचा हात सढळ,’ म्हणायची. मला फळीला अडकवून झाले की आधाराची दोरी बांधायची, तीही तीच. त्यामुळे ते काम नवऱ्याच्या हाताला कधी लागलेच नाही. भर वाऱ्यात इतरांची इंजिने धापा टाकत, तेव्हा मी दोघांना घरी आणून पोहोचवत असे. ‘गुणाचं आहे हो,’ असे ती म्हणे आणि माझ्या डोक्यावर थाप मारी.

मग ती गेली.

म्हातारा वर्षभर होडीकडे फिरकला नाही. मी पोत्याखाली पडून राहिले. शेवटी मुलगी आली आणि म्हणाली, “बाबा, आता माझ्याकडे चला.” तो हो म्हणाला. होडी विकली. माझ्यासाठी पलीकडच्या काठाची एक होडीवाली येणार असे ठरले. विकण्याआधी आपण चालवून बघितले पाहिजे, म्हणून आदल्या दिवशी त्याने शेजाऱ्याच्या होडीला मला लावले. पकडीचे स्क्रू आवळले, पण त्याच्या हातांना आता कंप होता. आणि दोरी बांधायची असते हे त्याच्या ध्यानातच आले नाही. भर खाडीत मी चालू असतानाच फळीवरून उडाले आणि थेट तळाच्या गाळात गेले.

ओहोटी लागल्यावर चार जणांनी गळ टाकून मला वर काढले. म्हाताऱ्याने मला धुतले, स्पार्क प्लग काढला आणि लगेच गोड्या पाण्याच्या पिंपात बुडवून ठेवले. लोक एकमेकांकडे बघू लागले. बुडालेली वस्तू पुन्हा बुडवतो! बायको गेल्यापासून याचे डोके ठिकाणावर नाही, असे एकजण मला ऐकू येईल इतक्या मोठ्याने बोलला.

पण त्याचे डोके ठिकाणावर होते. बुडालेल्या इंजिनाला पाणी लगेच मारत नाही. ओल्या अंगाने बाहेर ठेवले की हवा लागते आणि आतून गंज धरतो. उघडून, पुसून, तेल लावायला माणूस मिळेपर्यंत मला पाण्याखाली ठेवणे हाच उपाय होता. त्याच्या हातांनी ते बारीक काम आता होत नव्हते.

सकाळी होडीवाली आली. बरोबर तिचा धाकटा भाऊ होता. त्याने पिंपात डोकावून पाहिले.

“हे इंजिन आहे की पाळलेला मासा?”

“गप रे,” ती म्हणाली. “काका, हे पाण्यात का?”

म्हाताऱ्याने काहीही न लपवता सगळे सांगितले. ती ऐकत असताना डाव्या हाताने उजवा खांदा दाबत होती. वर्षानुवर्षे वल्ही मारून तो खांदा निकामी होत चालला होता. इंजिन मिळाले तर तिची होडी चालणार होती. नाहीतर होडी विकून दुसऱ्याच्या घरी कामाला जायचे. नवे इंजिन घेणे तिच्या आवाक्यात नव्हते. साठवलेले होते ते एका जुन्या इंजिनापुरते. चुकीचे घेतले, तर इंजिनही गेले आणि होडीही गेली.

दारात भंगारवाल्याचा टेम्पो उभा होता. मुलीनेच त्याला बोलावले होते.

“ताई, लवकर ठरवा,” भंगारवाला म्हणाला. “तुम्ही नाही तर मी. माझ्याकडे ओलं, सुकं सगळं एकाच भावात जातं.”

“बघून तरी घेऊ,” असे म्हणत भावाने माझी मान धरली आणि मला वर ओढू लागला. माझे डोके पाण्याच्या वर येणार तोच म्हातारा ओरडला,

“सोड! आधी सोड ते!”

भावाने दचकून मला सोडले. 

“बाहेर काढलं की ते लगेच उघडावं लागतं,” म्हातारा म्हणाला. “बघितलं आणि नको म्हणून निघून गेलात, तर ते संपलं. घ्यायचं ठरलं असेल तरच काढा.”

“म्हणजे पाण्यात म्हैस आणि बाहेर मोल!” भाऊ हसला. “ताई, चल. हा व्यवहार आहे की थट्टा?”

“बाबा, कशाला त्यांना अडकवताय?” मुलगी म्हणाली. “जाऊ दे ना भंगारात. आपली गाडी दुपारची आहे.”

होडीवाली कोणाकडेच बघत नव्हती. तिने विचारले, “चालू असताना बुडालं ना? मग आत पाणी ओढलं असेल. आतला दांडा वाकला असेल का?”

“असेलही.”

“तुम्हाला काय वाटतं?”

“मला विचारू नकोस पोरी. मी विकणारा आहे.”

मित्रांनो, माझ्यात पिस्टनला जोडलेला एक दांडा आहे. तो वाकला की मी मेल्यातच जमा. तो सरळ आहे की वाकलेला, हे मलाही ठाऊक नव्हते. आपल्याच पोटातले आपल्याला कुठे दिसते?

तिने बाही वर सरकवली आणि हात खांद्यापर्यंत पाण्यात घातला. माझ्या डोक्यावरचे जड चाक तिने चाचपडून धरले आणि फिरवले. चाक फिरले. फिरले आणि मध्येच अडले.

“अडतंय,” ती म्हणाली.

“झालं!” भाऊ म्हणाला. भंगारवाल्याने टेम्पोचे मागचे फाळके पाडले. त्या आवाजाने माझा जीव टांगणीला लागला.

तिने हात बाहेर काढला नाही. चाक मागे घेतले, पुन्हा फिरवले. अडले. पुन्हा फिरवले. पाणी थंड होते आणि दुखऱ्या खांद्यामुळे तिचा चेहरा आक्रसला होता. तरी ती फिरवत राहिली.

“अगं, किती वेळा तेच?” भाऊ म्हणाला.

“तेच नाहीये. जागा बदलतेय.” तिने डोळे मिटून घेतले. “वाकलेलं वल्हं दर खेपेला त्याच जागी ठोकतं. हे आधी इथं अडलं, मग पुढं, आता अडलंच नाही. दांडा नाही. आत वाळू आहे.”

 

“आणि वाळू नसली तर?” भावाने विचारले.

“तर माझं नशीब. काढा बाहेर.”

भंगारवाल्यानेच मला उचलायला हात दिला. “माझा माल मीच घालवतोय,” असे पुटपुटत त्याने मला अंगणात पोत्यावर आडवे केले. मग कोणाला उसंत नव्हती. म्हातारा शेजारी उभा राहून सांगायचा आणि ती करायची. पाणी काढ. तेल ओत. आता चाक फिरव, सावकाश. तो स्क्रू इकडे दे, हरवेल. त्याला न राहवून तो मध्येच पाना उचलायचा, हात थरथरायचा आणि पाना खाली पडायचा. ती उचलून घ्यायची. माझे डोके उघडल्यावर चिमूटभर करडी वाळू निघाली. दांडा सरळ होता.

पण ठिणगी पडेना. आतली तारेची गुंडाळी भिजलेली होती आणि उन्हात वाळेपर्यंत थांबायला वेळ नव्हता.  तेव्हा मुलगी आत गेली. बांधलेली बॅग उघडल्याचा आवाज आला. केस वाळवायचा ड्रायर घेऊन ती बाहेर आली आणि नव्या कपड्यांनिशी माझ्यापाशी जमिनीवर बसली.

“बाबा, कुठं धरू?”

“इथं. जरा लांबून.”

“गाडी चुकेल,” भाऊ म्हणाला.

“चुकू दे.”

सगळे जोडून मला पिंपाच्या काठाला अडकवले, खालचा पंखा पाण्यात राहील असे. पेट्रोलमध्ये तेल मिसळताना म्हाताऱ्याने डबा होडीवालीच्या हातात दिला. मला सुरू करायच्या दोरीला भावाने हात घातला, तर ती म्हणाली, “मी ओढते. माझं आहे.” तिने डाव्या हाताने ओढले. मी नुसते खोकले. पुन्हा ओढले. काही नाही. मी घाबरले होते, मित्रांनो. एवढ्या माणसांनी जीव लावल्यावर बंद पडून राहण्यासारखी लाज नाही. तिने पाय रोवले आणि आणखी एकदा ओढले.

मी धूर ओकले आणि सुरू झाले.

भावाने शिट्टी मारली. मुलीच्या हातात ड्रायर तसाच होता. म्हातारा माझ्याजवळ आला, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि आवाज ऐकत राहिला. माझ्या थरथरीत त्याच्या हाताचा कंप कोणाला दिसला नाही.

आज मी त्या होडीवालीच्या होडीला आहे. माणसे, पिशव्या, सायकली इकडून तिकडे नेते. तिचा खांदा आता कमी दुखतो.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुठेतरी काहीतरी बंद पडलेले असेल. ते उघडायला वेळ नसेल तर तूर्त जपून ठेवा, त्यात कमीपणा नाही. पण एकदा बाहेर काढलेत, तर अर्ध्यावर उठून जाऊ नका. आम्हाला बुडण्याची तेवढी भीती नसते. कोणीतरी वर काढावे आणि ओले तसेच सोडून निघून जावे, याची फार असते.