हुरियाताईची हाक

पाहुणे फाटकाशी येऊन उभे राहिले, तरी आमची हुरियाताई खुर्चीतून हलली नाही.

मी स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आले होते. म्हटलं, हाक ऐकू आली नाही, माझेच कान गेले की काय! पण नाही. ताई पूर्वजांच्या घराच्या ओट्यावर काळ्या कपड्यांत ताठ बसलेली, डोक्यावर पानांचा मुकुट, हात मांडीवर, नजर समुद्राकडे. जणू फाटकात कुणी नाहीच.

आमच्या अंगणात पाहुणा आपणहून पाऊल टाकत नाही. घरच्या बाईने हाक द्यायची, पाहुण्यांतल्या बाईने तिला उत्तर द्यायचं, मग सगळ्यांनी चालायला लागायचं. हाक नाही, तर फाटक सताड उघडं असलं तरी काय उपयोग? आणि फाटकात सगळ्यांच्या पुढे उभी होती ताईची स्वतःची लेक, रेरेकुरा.

ही रेरेकुरा शहरात विद्यापीठात शिकवते. आमच्यासारख्या देशोदेशीच्या मूळ रहिवाशांचा अभ्यास करणाऱ्या मंडळींचं संमेलन यंदा तिनेच भरवलं होतं, आणि शेवटच्या दिवशी ती सगळ्यांना आपल्या घरी घेऊन आली होती. कॅनडाचा एक काठीवाला म्हातारा, उत्तर ध्रुवाकडची निळ्या झग्यातली सामी जमातीची बाई, आणखी कितीतरी. मी इथल्या रेडिओवर सकाळच्या बातम्या वाचते. आठवडाभर रोज घसा फोडून सांगितलं होतं, आपली पोर जगभरचे विद्वान घेऊन येतेय, सगळे या. सगळे आलेही! आता सगळा किनारा टकामका बघत उभा होता.

पाओरा, आमचा चुलतभाऊ, घरच्यांच्या बाजूने भाषण करायला सज्ज होता. तो माझ्याजवळ सरकला.

"हिला झालंय काय? त्या म्हाताऱ्याचे पाय थरथरतायत बघ."

"मला काय विचारतोस? तिला विचार."

"विचारलं. म्हणाली, माझा घसा बसलाय."

"सकाळी माझ्यावर ओरडत होती, तेव्हा ठणठणीत होता."

"मग तू दे ना हाक, केरेना."

"शुद्धीवर आहेस का? थोरली समोर बसलेली असताना धाकटीने तोंड उघडायचं? मग तूच दे की!"

पाओराने मान खाली घातली. बाप्याने ती हाक द्यायची नसते, हे शेंबड्या पोरालाही कळतं.

ताईला काय झालंय ते मला पक्कं ठाऊक होतं. आठ-दहा दिवसांपूर्वी शहरातून एक पार्सल आलं होतं. संमेलनाची भेटवस्तू, चहाचा कप. ताईने स्वयंपाकघरातच ते उघडलं आणि ती पांढरीफटक पडली. कपावर निळ्या अक्षरांत आमच्या आजीच्या विलापाची ओळ छापली होती. आजीचा थोरला मुलगा समुद्रात बुडून गेला, त्याच्या देहाशेजारी बसून तिने गायलेला विलाप! जिथे अन्न आहे तिथे आम्ही तो गुणगुणतसुद्धा नाही. मेलेल्यांचे शब्द आणि खाणंपिणं एकत्र येऊ द्यायचं नाही, हे आमच्यात कुणाला शिकवावं लागत नाही. रेरेकुराने वर्षभर पाठपुरावा केला, तेव्हा कुठे ताईने तो विलाप तिला तिच्या अभ्यासाच्या मासिकात छापू दिला होता. तिथून तो चहाच्या कपावर आला. लोक त्यात साखर ढवळणार, ओठ लावणार!

त्या दिवसापासून मीच ताईची समजूत घालत होते. पोरीने पाहिलं नसेल गं, कुणीतरी परस्पर छापलं असेल.

म्हातारा काठीवर वाकला. रेरेकुराचा चेहरा मला इतक्या लांबूनही दिसत होता. आईने हाक दिली नाही तर ती परत जाईल, आणि पुन्हा कधीच येणार नाही, हे मला लख्ख कळत होतं. मी ॲप्रन सोडला, पाओराच्या हातात कोंबला, आणि मागच्या वाटेने वळसा घालून पाहुण्यांत जाऊन उभी राहिले. घरच्या माणसाने पाहुण्यांना सोबत केली तर चालतं. आता ताईला हाकलायचंच असेल, तर तिने मलाही हाकलावं.

"मावशी," रेरेकुरा पुटपुटली. "तू कशाला आलीस?"

"गप्प उभी राहा. तू तो कप पाहिला नव्हतास ना? मी ताईला तेच सांगितलंय."

तिने नजर वळवली.

"रेरेकुरा?"

"पाहिला होता. छापायच्या आधी फोनवर चित्र आलं होतं. मी म्हटलं, सुंदर दिसतंय." तिचा आवाज चिरकला. "मला काही खटकलंच नाही, मावशी. कप आहे, त्यात चहा पितात, हे डोक्यातच आलं नाही. मी त्या विलापावर चाळीस पानं लिहिली, आणि मला खटकलं नाही."

असं वाटलं, एक मुस्काटात द्यावी. इतके दिवस मी हिच्यासाठी भांडले! पाय उचलून घरच्यांच्या बाजूला परत जावं, असंही क्षणभर वाटलं. तिने माझी बाही घट्ट धरली होती, लहानपणी इंजेक्शनच्या वेळी धरायची तशी. मी शिव्या गिळल्या आणि उभी राहिले.

ओट्यावर ताईने पहिल्यांदा मान वळवली. तिने फाटकाकडे पाहिलं. लेकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. बराच वेळ पाहिलं. मग खुर्चीचे हात धरून ती उठली.

"या, पहिल्यांदा येणाऱ्या पावलांनो, या!"

तिचा आवाज अंगणावरून आला आणि माझ्या अंगावर काटा आला. पहिल्यांदा येणारी पावलं? मी या अंगणात रांगले! माझी नाळ त्या मागच्या टेकडीत पुरलीय! जे कधीच इथे आले नाहीत, त्या परक्यांना अशी हाक देतात. तिने आम्हा दोघींना परकं ठरवलं होतं, साऱ्या गावासमोर.

"तुमच्या मेलेल्यांना घेऊन या!"

पाहुण्यासोबत त्याचे मेलेलेही येतात, म्हणून हाकेत त्यांनाही बोलावतात. आता उत्तर द्यायला हवं होतं. सामी बाई आमच्याकडे बघत होती. मी रेरेकुराच्या बरगडीत कोपर खुपसलं.

"हाक तुला आहे. दे."

"परकी म्हणून?"

"परकी म्हणून."

तिने डोळे मिटले आणि उत्तर दिलं. सूर फाटका होता, पण तुटला नाही. आम्ही मान खाली घालून हळूहळू चालू लागलो. मी रडत होते, आणि मला त्याची लाज वाटत नव्हती.

भाषणं झाली, गाणी झाली. मग नाकाला नाक लावून भेटायची रांग. रेरेकुरा आईसमोर आली. मी तिच्या पाठीशीच होते.

"आई, मी तो कप आधी पाहिला होता."

"ठाऊक आहे," ताई म्हणाली. "पाहिला नसतास, तर त्याच दिवशी रडत फोन केला असतास."

तिने लेकीच्या नाकाला नाक लावलं, त्या काठीवाल्या म्हाताऱ्याला लावलं तितकंच, आणि पुढच्याकडे वळली.

जेवणघरात पानं वाढायची गडबड सुरू झाली. जमिनीतल्या भट्टीतून निघालेलं डुकराचं मांस, रताळी, शिंपले, तळलेला पाव. रेरेकुरा सवयीने सरळ स्वयंपाकघरात गेली आणि खुंटीवरचा ॲप्रन काढून बांधू लागली. ताईने येऊन तो तिच्या हातातून काढून घेतला.

"पाहुण्यांनी बाहेर बसायचं."

"आई..."

"बस. केरेना, तूसुद्धा."

आम्ही बसलो. माझ्या स्वतःच्या स्वयंपाकघरासमोर, पाहुण्यांच्या टेबलाशी! ताईने आमची पानं स्वतः वाढली. रेरेकुराच्या पानात तिने मांसाचा खरपूस तुकडा वाढला, पोरीला लहानपणापासून आवडतो तोच, आणि निघून गेली. पोरगी त्या तुकड्याकडे बघत राहिली.

"खा," मी म्हटलं. "परक्यांना तुकडा निवडून कोण वाढतं?"

तिने तो उचलला आणि रडत रडत खाल्ला.